आसराच्या डोहाचे मार्क

आमच्या गावाला नाले दोन. एक मोहाचा नाला आणि एक दगडी नाला. गाव वांकिडीच्या पुढे, हद्दीला इतकं चिकटून की आमची बोली महाराष्ट्राची आणि रेशनची साखर आंध्राची. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या गावात नांदायला आले आणि थोड्याच दिवसांत घराची वाटणी झाली. नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, मोहाच्या नाल्याकाठचं रान गेलं. आमच्या वाट्याला दगडी नाला आला. मला कोणी विचारलं नाही. नवी सून, तिला काय विचारायचं! मी चुलीपुढे बसून भांडी आपटली, तेवढंच माझं मत.

भांडी आपटण्याजोगंच होतं ते. मोहाच्या नाल्याला डोह होता आणि डोहाच्या काठावर शेंदूर फासलेल्या सात आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. भर उन्हाळ्यात सगळं गाव पाण्यासाठी वणवण करायचं तेव्हाही त्या डोहात म्हशी डुंबायच्या. डोहाला लागूनच थोरल्या जावेची भाजीची वाडी आणि विहीर. आमचा दगडी नाला पावसात दोन दिवस डरकाळ्या फोडायचा आणि दसऱ्याला त्यात पोरं गोट्या खेळायची. "नुसता तोंडाचा पाटील हाय लेकाचा," असं माझा नवरा त्या नाल्याला म्हणायचा.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणायची. वाटणीनंतर बरेच दिवस मी तिच्यावर धुसफुसत होते. तोंडावर अहो-जाहो, मनात अगं-तुगं आणि वर दोन शिव्या. तिला ते कळत होतं की नाही कोण जाणे. पाऊस लागला की ती वांग्याची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या दारात ठेवून जायची. उन्हाळ्यात माझी विहीर तळाला गेली की मी तिच्याच विहिरीवर घागर घेऊन जायची, आणि तिनं कधी कपाळाला आठी घातली नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी डोक्यावर टोपल्या घेऊन वांकिडीला जायचो. तिथं ती आधी माझी भाजी खपवायची, मग स्वतःची.

"तुयं तोंड पाहून गिऱ्हाईक पळते वं," ती म्हणायची. "जराशीक हास नं. बोलणाऱ्याचा कोंडा खपते, न बोलणाऱ्याचे गहू बी खपत नाई."

मला हसू यायचं. अशा बाईवर राग धरायचा म्हणजे रोज नवा राग आणायचा कुठून? हळूहळू तो संपला. निदान मला तसं वाटायचं.

कापूस आणि ज्वारी भासऱ्यांची, पण वाडी अक्काची. दोन पोरी तिनं त्या वाडीवर उजवल्या. मेथी, वांगी, चवळी, बांधावर अंबाडी. घरातल्या पुरुषांपुढे ती मान खाली घालून बोलायची, पण वाडीत शिरली की तिचा आवाज मोठा व्हायचा. वेलींना, बकऱ्यांना, वाटसरूंना, सगळ्यांना हुकूम सोडायची. एकदा भासरेच न विचारता वांगी तोडून न्यायला लागले तर तिनं त्यांना बांधावरूनच परत पाठवलं. गावात आठवडाभर हसत होते लोक.

ऐंशीचं दशक सरत आलं तशी वरच्या टेकडीवरची झाडी गेली. साग गेला, मग मोह गेले, मग उतारावर कापूस आला. पहिल्या पावसाळ्यांत कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी लाल यायला लागलं एवढंच. मग डोहात म्हशी डुंबायच्या ऐवजी उभ्या राहायला लागल्या. मग गुडघाभर. शेवटी होळीनंतर डोहाच्या जागी गाळाची भेगाळलेली थाळी आणि मधे अक्कानं हातानं उकरलेला झिरा. त्या झिऱ्यातून वाटी-वाटीनं पाणी काढून ती वांग्यांना घालायची. कोणी विचारलं, "अक्का, डोह आटला काय वो?" तर म्हणायची, "आसराचा डोह हाय. थो आटत नसते. जरासा निजला हाय."

नव्वदीच्या मध्यावर वाटरशेडवाले आले. पाणलोटाचं काम. एक तरुण मॅडम होत्या, आसिफाबादकडून जीपनं यायच्या. फक्त तेलुगु बोलायच्या आणि थोडी मोडकी हिंदी. गावातल्या बायकांत तेलुगु धड येणारी मी एकटी. माझ्या वडिलांचं गुडीहत्नूरला रस्त्यावर बांगड्यांचं लहानसं दुकान होतं आणि मला त्यांनी सातवीपर्यंत तेलुगु शाळेत घातलं होतं. तेव्हा घरात मराठी आणि शाळेत तेलुगु म्हणून मी रडायची. आता त्याच तेलुगुमुळे मी गावात मोठी झाले. मॅडम आल्या की पोरं मला बोलवायला धावत. पदर सावरून मी निघायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

एक दिवस मॅडमनी शाळेच्या अंगणात बायकांना जमवलं आणि सांगितलं, तुमच्या नाल्यांचा नकाशा तुम्हीच जमिनीवर काढा. रांगोळी, विटेचा भुगा, नीळ, झाडांसाठी पाला, सगळं आणून ठेवलं होतं. मॅडमनी सुरुवात म्हणून एक वाकडी रेघ ओढली. बायका फिदीफिदी हसल्या.

"अवं माय, ह्या नाला व्हय? हे तं गांडूळ हाय!"

मग अक्का पुढे सरली. रांगोळीत तिचा हात धरणारी गावात कोणी नव्हती. टेकडीच्या मुळापासून तिनं मोहाचा नाला सोडला तो वळणावळणानं डोहापर्यंत. तिथं निळीचा गोल डोह काढला, काठाला कुंकवाची सात बोटं लावली. दगडी नाला मी काढला. रेघ सरळ आली आणि लवकर संपली. दोन्ही नाले गावाखाली एकत्र होतात ती जागा आम्ही दोघींनी मिळून काढली.

मग मार्क द्यायचे. मॅडमनी बाजूला घरं आखली. एका बाजूला नाल्यांचे तुकडे, दुसऱ्या बाजूला प्रश्न. पाणी कुठवर टिकतं, काठाला झाड किती, मासळी मिळते का, विहिरींना पाझर लागतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचा एक. मॅडम म्हणाल्या, नाला आजारी माणसासारखा बघा. वाईट साल आलं की तो अंथरूण धरणारच, पण पुढच्या पावसात किती लवकर उठून बसतो ते सांगा. प्रत्येक घरात चिंचोके ठेवायचे. चांगलं असेल तर जास्त, वाईट असेल तर कमी, काहीच नसेल तर घर रिकामं. ज्या नाल्याला मार्क कमी पडतील तिथं काम आधी.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. पण चिंचोक्यांची टोपली फिरत होती, कोणाचं पोर रडत होतं, आणि आमच्या डोक्यात मार्क म्हणजे शाळेतले मार्क. कमी मार्क म्हणजे नापास, आणि नापासाला कोण बक्षीस देतं? माझे शब्द बायकांच्या अंगावरून गेले. मी दुसऱ्यांदा सांगितले नाहीत.

दगडी नाल्याची पाळी आली तेव्हा मजाच झाली. त्याला ना देव ना डोह. "तोंडाचा पाटील!" कोणीतरी ओरडलं. एका घरात एक चिंचोका, दुसऱ्यात दोन, मासळीचं घर बिनधास्त रिकामं. मी स्वतःच्या हातानं ठेवले. खरं तेच ठेवलं.

मग अक्का डोहाच्या घरापुढे बसली. तिनं ओंजळभर चिंचोके घेतले आणि घर भरलं. शिगोशीग. पाणी कुठवर टिकतं तिथं भरलं, मासळीत भरलं, लवकर उठून बसतो का तिथं तर रास केली. आमच्यात देवापुढे चौक काढला की त्यातलं एकही घर रिकामं सोडत नाहीत. निदान एक दाणा तरी पडायलाच हवा. इथं तर काठावर कुंकवाच्या आसरा होत्या. अक्काचं बघून बाकीच्या बायका उठल्या आणि ओटी भरतात तशी एकेकीनं त्या घरांत आपली चिमूट टाकली. मीही टाकली.

मॅडमनी आश्चर्यानं मला विचारलं, "उन्हाळ्यात पण?" मी अक्काला विचारलं.

"आसराचं घर हाय वं," अक्का म्हणाली. "थे रिकामं नाई राहत."

मी शब्दाला शब्द तेलुगुत सांगितलं. देवीचं घर आहे, ते रिकामं राहत नाही. मॅडम खूश झाल्या. हातातल्या कागदावर त्यांनी काहीतरी मोठं लिहिलं. अक्का देवीबद्दल बोलत होती आणि मॅडमना पाण्याबद्दल ऐकू आलं. मधे मी बसले होते.

धाकट्या जावेनं चारचौघींत थोरलीचं बोलणं खोडायचं नसतं, देवीच्या बाबतीत तर नाहीच नाही. हे मी नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. पण मॅडमना जीपपर्यंत पोचवायला मीच गेले होते ना? त्यांची पिशवी माझ्याच हातात होती. वाटेत आम्ही दोघीच होतो. मी त्यांना काय सांगितलं? तर गुडीहत्नूरची शाळा, तिथल्या टीचर, मी पाठ केलेल्या कविता. डोहाचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. मनात कुठं तिळाएवढा आनंद झाला होता का, एकदाचं माझ्या नाल्याला काहीतरी मिळणार म्हणून? झाला असेल. नाही कशी म्हणू.

मोहाचा नाला मजबूत ठरला. दगडी नाला दुबळा ठरला. काम दगडीवर आलं.

काय काम झालं ते! टेकडीच्या आमच्या अंगाला आडवे चर खणले, नाल्यात जागोजाग दगडांचे बांध रचले, खाली एक पक्का बंधारा बांधला. गावातल्या सगळ्या बायका कामावर होत्या. अक्कासुद्धा. दगडाची पाटी डोक्यावर घेऊन ती माझ्या नाल्यात चढायची-उतरायची आणि वर मलाच चिडवायची, "तुया पाटलाच्या तोंडात दगड कोंबून राह्यलो बाप्पा आमी, आता तरी गप बसंल!" सगळ्या हसायच्या. मी पण हसायची, आणि तिच्याकडे न बघता पुढची पाटी उचलायची.

दोन पावसाळे गेले आणि माझ्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात वर राहायला लागलं. मी वाडी वाढवली. टमाटे लावले, कोबीसुद्धा लावून पाहिला. आणि मोहाच्या नाल्यावर डोह गाळानं भरून सपाट झाला. अक्काच्या विहिरीला पाझर लागेना. एका उन्हाळ्यात तिची वांगी उभी वाळली. ती मुळासकट उपटून बांधावर टाकलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्याच्या पुढच्या पावसात मी रोपं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तिच्या दारात ठेवायला गेले. तिनं हात पुढे केला नाही.

"नेऊन काय करू वं? पाजू काय त्याले?"

आणि मग एका सकाळी अक्का खुरपं घेऊन माझ्या वाडीत आली. मला वाटलं, पाण्याला आली. तर तिनं पदर खोचला आणि ओळीला बसली.

"काय करून राह्यल्या अक्का?"

"निंदायले आली. घरी बसून काय करू? दुसऱ्याच्या वावरात जाण्यापरीस तुया वावरात बरं नं."

मी तिथून घरात पळाले. नवऱ्याला म्हटलं, त्यांना उठवा. तो म्हणाला, "येऊ दे नं. घरचीच तं हाय. रिकामी बसून झुरंल." बरोबर होतं त्याचं. पण ज्या बाईनं नवऱ्याला बांधावरून परत पाठवलं ती माझ्या वाडीत मान खाली घालून बसली होती आणि "ह्या ओळीतली चवळी काढू का राहू देऊ?" असं मला विचारत होती. मला विचारत होती! मला काय करावं सुचेना, मग मी तिच्यावरच खेकसायची. "काढा नं, इचारता काऊन?" ती मुकाट्यानं काढायची. तिनं एकदा तरी मला शिव्या घालाव्या, असं मला वाटायचं. चारचौघींत म्हणावं की हिला तेलुगु येत होतं आणि हिनं सांगितलं नाही. पण तिच्या मनात तसलं काही नव्हतंच. तिच्या लेखी डोह निजला होता आणि माझं नशीब उघडलं होतं. ती आसराला नैवेद्य घेऊन जायची तेव्हा माझ्या वाडीसाठीसुद्धा एक घास वेगळा काढायची.

नव्वदी संपायला आली होती तेव्हा खबर आली की वाटरशेडवाले परत येणार आहेत. पुन्हा नकाशा काढणार, पुन्हा मार्क देणार. मला वाटलं, देवच पावला. आपण केलेलं आपल्याच हातानं निस्तरायची संधी रोज येते का? मी त्याच संध्याकाळी अक्काकडे गेले.

"अक्का, या बारीनं खरं ठेवा. डोहाचं घर रिकामं ठेवा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "याड लागलं काय तुले?"

मी समजावलं. कमी मार्क तिथं काम. माझ्या नाल्याला काम मिळालं ते त्याचमुळे. तुमच्या नाल्याला नाही मिळालं ते भरलेल्या घरामुळे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते स्पष्ट बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर चिडली नाही. एवढंच म्हणाली, "आसराचं घर मी आपल्या हातानं रिकामं करू? अन् मंग तिथं भलतंच कोणी येऊन बसलं तं?"

मी रोज गेले. गोड बोलले, हात जोडले, एकदा रडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी एक दिवस माझं टाळकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"देलं काय तुमच्या आसरानं तुमाले?" मी म्हणाले. "गाळ देला! उमर झाली निवद नेता नेता, अन् आज दुसऱ्याच्या वावरात खुरपं धरून राह्यल्या तुमी. कुठं हाय तुमची आसरा?"

अक्काचा चेहरा असा झाला की मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी निंदायला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि ओळीला बसता बसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठेवीन रिकामं. तू म्हणतेस तं ठेवीन. पण तू मायाजवळ बसजो."

या बारीला मॅडम नव्हत्या. एक नवे सारू, म्हणजे सर, आले होते. चष्म्यातले, मऊ बोलणारे, पोरांना बिस्किटं वाटणारे. पुन्हा शाळेचं अंगण, पुन्हा रांगोळी. अक्कानं लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं. नाला तिनंच काढला, पण हात पूर्वीसारखा चालत नव्हता. डोहाच्या काठी कुंकवाची सात बोटं लावली.

दगडी नाल्याची घरं भराभर भरली. सारू खूश. मग डोहाची पाळी आली. अक्कानं ओंजळभर चिंचोके घेतले. मी तिला टेकूनच बसले होते. तिनं ती ओंजळ घरावर धरली, मागे घेतली, परत धरली. मग सगळे चिंचोके पदरात टाकून तिनं पदराला गाठ मारली.

घर रिकामं राहिलं. मागे कोणीतरी "अवं माय माय" म्हणालं. एका म्हातारीनं तोंड फिरवलं.

"सांग त्याले," अक्का म्हणाली. मग मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सारूंकडे बघून बोलली. बाजारात ऐकून ऐकून तिला येत असलेला एक तेलुगु शब्द. "लेदु." नाही.

सारूंनी मान डोलावली. कागदावर लिहिलं, उभं राहून त्या रिकाम्या घराचा फोटो काढला. मला इतका आनंद झाला होता की धीर धरवेना. मी तेलुगुत विचारलं, मोहाच्या नाल्याचं काम कधी सुरू होईल?

"काम?" सारू म्हणाले. त्यांना खरंच कळलं नाही. मग समजावून सांगितलं. या गावातली कामाची मुदत संपली. निधी दुसऱ्या मंडळात, म्हणजे तालुक्यात, गेला. आता फक्त बघायचं आहे की झालेल्या कामाचा उपयोग किती झाला. एका नाल्यावर काम झालं, दुसऱ्यावर नाही, त्यामुळे दोघांची तुलना करता येते. आणि इथं तर दुसऱ्याचं घर अगदीच रिकामं. "बरं झालं," ते मोकळेपणानं म्हणाले, "फरक एकदम ठळक दिसतो."

माणूस वाईट नव्हता. आपलं काम चोख करत होता. मी मात्र तिथं बसल्या बसल्या गार पडले. ज्या बाईनं जन्मात देवीचं घर रिकामं ठेवलं नव्हतं तिच्या हातून मी ते ठेवून घेतलं. का, तर फोटोत फरक नीट दिसावा म्हणून.

"काय म्हणते थो?" अक्कानं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं तोंड वाचायला तिला तेलुगु लागत नव्हतं.

"काम नाई येत?"

मी मान हलवली.

तिनं रिकाम्या घराकडे पाहिलं. मग पदराच्या गाठीला हात लावून अगदी हळू म्हणाली, "मंग परत ठेवू का वं? इचार त्याले. ठेवू देते का."

मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं. सारू हसले आणि हात हलवून म्हणाले, आता राहू दे अम्मा, फोटो झाला, लिहून झालं, आता बदललं तर हिशेब चुकेल. जे आहे ते असू दे. आणि ते दगडी नाल्याची घरं मोजायला पलीकडे वळले.

"काय म्हणाला?"

"ठेवा म्हणते," मी सांगितलं.

अक्कानं गाठ सोडली. चिंचोके घाईनं ओतले नाहीत. एकेक करून ठेवले, सगळ्या घरांत, आधी पाण्याच्या, मग मासळीच्या, मग उठून बसण्याच्या. बाकीच्या बायका उठून घरी जायला लागल्या होत्या. सारू जीपमध्ये सामान भरत होते, त्यांचं इकडे लक्षही नव्हतं. शेवटचा चिंचोका ठेवून अक्कानं कुंकवाच्या बोटांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. तिचा चेहरा एकदम हलका झाला होता.

आम्ही दोघी घराकडे निघालो. वाटेत तिनं माझा हात धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता.

"भला माणूस हाय थो," ती म्हणाली. "पाह्य, ठेवू देलं त्यानं. अन् तू होतीस म्हून बरं झालं वं. नाई तं मले कुठं त्याची बोली येते?"

मी हो म्हणाले, हात सोडवून घेतला आणि तिच्यापुढे चालायला लागले.